तीन बाटल्या ऊन पाणी

नवे पैसे आले त्या सालचा आषाढ. पाऊस लागून महिना होऊन गेला होता आणि त्या महिन्यात अंगावरचं लुगडं पुरतं वाळलं असं एकदाही झालं नव्हतं. आमची वाडी ताम्हिणीच्या अलीकडे, डोंगराला चिकटलेली, नऊ घरांची. त्यातल्या सात घरांचा वारंगुळा होता. वारंगुळा म्हणजे सगळ्यांनी मिळून प्रत्येकाची भातखाचरं पाळीपाळीनं लावायची. घरटी रोज दोन माणसं. मजुरी नाही, काही नाही. तुम्ही जेवढी माणसं द्याल तेवढी तुमच्या पाळीला येतील. आमची पाळी शेवटची होती.

आमच्या घरची दोन माणसं म्हणजे मी आणि आमचे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, इथे लिहिते, कोंडिबा. घर आणि बैल सासूबाई सांभाळत. त्यांचं नाव साळूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणे.

मी पोटुशी होते तरी लावणीला जात होते. सगळ्याच जात. वाकलं की पोट मांड्यांना टेकायचं आणि इरल्याखाली दम कोंडायचा, एवढंच. शेजारच्या धोंडाबाईचं खाचर लावत होतो त्या दिवशी न्याहारीनंतर कमरेत कळ आली. मी तशाच दोन ओळी लावल्या. तिसऱ्या ओळीला हातातली रोपाची मूठ चिखलात पडली आणि मला ती उचलता येईना.

धोंडाबाई शेजारच्याच ओळीत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जये, ऊठ. ही कळ कमरंची न्हाई."

घरी पोचेपर्यंत गुडघ्याएवढ्या चिखलात दोनदा बसले. दुपार ढळायच्या आत बाळंत झाले. मुलगी. दोन तळव्यांत मावेल एवढी. अंगावर बारीक लव, नखं अजून बोटांच्या टोकापर्यंत आलेली नाहीत. रडली ती उचकी लागल्यासारखी, तीन वेळा, आणि गप्प झाली.

सुईण होती सगुणाबाई. तिनं नाळ कापली, पोरीला माझ्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात घेतलं आणि खाली मान घालूनच विचारलं, "कितवा हुता?"

आत्याबाई बोटांवर मोजायला लागल्या. सातव्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, हे आमच्याकडे सगळे धरून चालत. आठव्यातल्या मुलासाठी कुणी जागत नसे, सरपण जाळत नसे. मायेनं तोंडावरून हात फिरवत आणि वाट बघत बसत.

"सातवा," मी बाजेवरून म्हटलं. "सरत आला हुता."

आत्याबाईंची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

"सातवा असंल तर बगू या," सगुणाबाई म्हणाली. ती मागच्या वर्षी पौडाला सरकारी सुईणींच्या शिकवणीला जाऊन आली होती. तिथून तिला पत्र्याची पेटी मिळाली होती. वाडीतल्या बाया त्या पेटीवरून तिला 'डॉक्टरीण' म्हणून चिडवत. "तितल्या नर्सबाईनी दावलंय. शेगडीच्या धुरानं असलं पोर गुदमारतंय. बाटल्यांत ऊन पाणी भरायचं, फडकं गुंडाळायचं, येक हिकडं, येक तिकडं, येक पायाशी. थंड झालं की बदलायचं. कापसात ठिवायचं. अंडं उबवतो तसं."

"किती दिस?"

"अंगावर प्यायला लागंपतूर."

"सगुणे, घरात बाटली येकच हाय. राकेलची."

"मग वाडीत माग की."

आत्याबाई इरलं घेऊन बाहेर पडल्या. आमची आणि धोंडाबाईची भिंत एकच, कुडाची. तिकडचं सगळं मला ऐकू येत होतं. धोंडाबाई खाचरातून नुकतीच आली होती.

"बाटली? आन ती कशाला वं?"

"पोरीला शेकायला."

"माझ्या बाटलीत करंजाचं त्याल हाय. बैलाच्या खांद्याला लावायचं. ते काय वंजळीत धरू?"

"गाडग्यात वत."

"आन दुसरीत रानात प्यायचं पाणी न्हेते मी. चिखलाचं पाणी पेऊन मरू का?" मग जरा थांबून, "दारूबंदीच्या दिसांत बाटल्या गोळा करतीयास साळूबाई, कोंडिबानं भट्टी घातली म्हनत्याल लोकं."

"म्हनू दे. देतीस का न्हाई?"

तेल गाडग्यात पडल्याचा आवाज आला. "परत दे म्हंजी झालं," धोंडाबाई म्हणाली.

बाकीच्या घरांत काय झालं ते आत्याबाईंनी कधी सांगितलं नाही. तासाभरानं त्या भिजून परत आल्या तेव्हा पदरात दोन बाटल्या होत्या. धोंडाबाईची हिरवी, आणि एक चपटी, जिच्यावर औषधाच्या मात्रेची कागदाची पट्टी अजून चिकटलेली होती. त्यांच्या कपाळावर आठी होती. नऊ घरं आणि दोन बाटल्या. एका घरात बाटलीत काशीचं पाणी होतं एवढं मला मागून कळलं. ते काही ओतायला सांगता येत नव्हतं.

आमची राकेलची बाटली राखेनं तीनदा घासली तरी वास जाईना. तिला पायाशी ठेवायचं ठरलं. आत्याबाईंनी चुलीवरचं उकळतं पाणी घेतलं आणि धोंडाबाईच्या हिरव्या बाटलीत ओतलं. तड् आवाज झाला. बाटलीचं बूड खाली राहिलं आणि पाणी आत्याबाईंच्या पायावर सांडलं. त्या पाय झटकून तुकडे वेचत बसल्या.

"आधी कोमट घालायचं," सगुणाबाई हळूच म्हणाली. "मग ऊन."

"आधी सांगायचं," आत्याबाई म्हणाल्या.

राहिल्या दोनच. कापूस घरातल्या एकुलत्या एका उशीतला काढला. पोरीला त्यात घालून दोन्ही बाजूंना दोन बाटल्या ठेवल्या. पायाशी एक दगड तापवून, गुंडाळून. पिणं म्हणजे मी दूध वाटीत पिळायचं आणि कापसाच्या वातीनं थेंब थेंब तिच्या ओठांत सोडायचं. दहा थेंब गेले की ती दमून झोपायची.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बांधावरून हाक आली, "कोंडिबाऽ, दोन मान्संऽ!"

हाक हैबतरावांची. वारंगुळ्याचे ते म्होरके. बर्माच्या लढाईतून आलेले, ताठ चालणारे. त्यांच्या खांद्याला पलटणीतली पाण्याची बाटली असायची, चपटी, पत्र्याची, वरून खाकी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, कातड्यासारखं शिवलेलं. आषाढात धो धो पावसातसुद्धा ती खांद्याला. पोरी हसत, "नाना पावसात पाणी बांधून फिरत्यात." ते म्हणत, "पाऊस ढगाचा हाय, हे माझं हाय."

माझ्या जागी आत्याबाईंना जावं लागलं. जाताना त्यांनी दोन्ही बाटल्या भरल्या, चुलीतला विस्तव राखेनं झाकला आणि म्हणाल्या, "दुपारी यिऊन भरते. तू बाजंवरनं हलू नगंस."

हलायचं नव्हतंच. बाळंतिणीनं बारा दिवस चुलीला आणि पाण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही. मी नवी होते, त्या घरात दोन वर्षंच झाली होती, पण मला ते सांगावं लागत नव्हतं.

दुपार झाली. आत्याबाई आल्या नाहीत. खाचर ओढ्याच्या पलीकडे होतं आणि ओढ्याचा आवाज घरापर्यंत येत होता, दगड गडगडल्यासारखा. मला कळलं की ओढा भरलाय आणि त्या पलीकडे अडकल्यात. बाटल्या गार झाल्या होत्या. नुसत्या गार नाही, पोरीचीच ऊब ओढून घेत होत्या. मी त्या काढून टाकल्या आणि तिला पोटाशी धरली. पण माझं अंगच थंडीनं कापत होतं, दात वाजत होते. तिचे पाय हातात घेतले तर बोटं निळसर झालेली. वात ओठांना लावली तर ओठ हलले नाहीत.

मी बाजेवरून उतरले.

चुलीपाशी बसून राख बाजूला केली, फुंकलं. लाकडं ओली. धुरानं डोळे गेले. हंड्यातलं पाणी तांब्यानं घेतलं, तापवलं. घाईत होते. कोमट आधी, हे लक्षात होतं, पण बाटलीचं तोंड लहान होतं. उकळतं पाणी मनगटापासून बोटांपर्यंत सांडलं. बाटली मात्र मी सोडली नाही. बूच म्हणून चिंधीचा बोळा दातानं ओढून बसवला. दुसरी भरली. मग पोरीच्या दोन्ही बाजूंना लावून बसले आणि तिच्या पायांकडे बघत राहिले. किती वेळ गेला ठाऊक नाही. एका पायाचा अंगठा आत वळला. मग परत बाहेर. मी वात लावली. ओठ हलले.

दिवस मावळायच्या आधी आत्याबाई आणि मालक आले. ओढा कमरेएवढा असताना उतरून आले होते. आत्याबाईंनी दारातूनच चूल पाहिली. राख पसरलेली, तांब्या चुलीच्या बाजूच्या वैलावर, जमीन ओली.

मालक म्हणाले, "आयं, हिनं चुलीला..."

"दिसतंय मला."

त्यांनी इरलं उतरवलं, लुगडं पिळलं. चुलीतली सगळी राख भरून बाहेर टाकली, शेणानं चूल सारवली. मी पदराखाली भाजलेला हात धरून बसले होते. वाटलं, आता मला माहेरची वाट दाखवतील.

आत्याबाई बाहेर गेल्या आणि अंगणातला एक दगड पोटाशी धरून आत आल्या. मग दुसरा, मग तिसरा. माझ्या बाजेपासून दोन हातांवर, धूर दाराकडे जाईल असे मांडले. वर मातीचं जुनं मडकं ठेवलं.

"ही चूल घरातली न्हाई," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीची हाय. हिला कुनाचा इटाळ न्हाई."

मालक म्हणाले, "मग उद्यापास्नं जयी भरंल. तू वारंगुळ्याला ये."

"हात बग तिचा."

मी हात दाखवला. तळव्यावर पावट्याएवढे फोड उठले होते. आत्याबाईंनी त्यावर खोबरेल लावलं. लावता लावता, मालकांना ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "महिनं मीबी मोजल्यात. आठवाच हाय."

मी हात मागे घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही.

"सगुणीला बोललीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "न्हाईतर तिनं पेटी मिटली असती."

सकाळी हैबतराव बांधावर न थांबता अंगणात आले. घरात जन्माचं सोयर म्हणून आत येईनात, ओटीच्या कडेला पावसातच उभे राहिले.

"साळूवैनी, दोन मान्सं."

"येक यील. कोंडिबा."

"मग तुमच्या पाळीला निम्मी मान्सं येत्याल."

"येऊ द्यात."

"खालचं खाचर ऱ्हाईल. रोप म्हातारं हुईल तवर."

"ठाव हाय, नाना."

आत मालक माझ्याजवळ उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. खालचं खाचर म्हणजे घरातलं चार महिन्यांचं खाणं. ते पुढे होऊन म्हणाले, "आयं, जरा इचार कर. सगुणामावशी बसंल की हितं दिसभर."

"सगुणी धा गावांची हाय. ती कशी बसंल?"

"पर खाचर..."

"कोंड्या, खाचर मी म्हातारी झाल्यावरबी लावीन. तू जा."

हैबतराव थोडे घुटमळले. मग म्हणाले, "पोरगी हाय न्हवं?"

"व्हय. पोरगी हाय."

"पाणी कितींदा बदलावं लागतंय?"

"काचंची बाटली ती. पान लावून खाईस्तवर गार हुती."

ते गेले. मालक त्यांच्या मागोमाग निघाले आणि ओटीवर थबकले. खुंटीला ती पलटणीची बाटली लटकत होती, पट्ट्यासकट.

"नानाऽ!" मालक ओरडले. "बाटली इसरली!"

हैबतराव वळले नाहीत. "कुटली बाटली?" म्हणाले आणि चालत राहिले.

त्या बाटलीत एकदा ऊन पाणी भरलं की पान खाईपर्यंत नाही, सकाळची चूल विझून दुपारची लागेपर्यंत ऊब टिकायची. जाड बनात असल्यामुळे वर फडकं गुंडाळावं लागत नव्हतं. तडकायची भीती नव्हती. पोरीच्या पाठीशी ती लावली की तिची पाठ सैल पडायची, हे मला हातानं कळायचं. बाकीच्या दोन बाटल्या कुशीला आणि पायाशी. अशा तीन झाल्या.

खाचरात काय बोलणं चालायचं ते मालक संध्याकाळी सांगत. धोंडाबाईनं विचारलं, "नाना, आज खांदा मोकळा?" तर हैबतराव म्हणाले, "गळतीया. पौडाला झाळायला दिलीया." "या पावसात पौडाला कोन गेलं?" "गेलं येक जन." सगळ्या बाया तोंडावर पदर धरून हसल्या. त्यानंतर हैबतराव खाचरात येताना भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणायचे, आणि तो तुंबा चालताना पाठीवर आपटायचा.

पण पाचव्या की सहाव्या दिवशी मालकांनीच त्यांना गाठलं. "नाना, बाटली दिली, तशी मान्संबी दिली तर..."

"बाटली माझी हाय," हैबतराव म्हणाले. "वारंगुळा सात घरांचा हाय. तो मी कसा दिऊ?"

मालक त्या संध्याकाळी चिडूनच घरी आले. पाय न धुता तीन दगडांच्या चुलीपाशी बसले. आत्याबाई दिवसभर लाकडं फोडून, चुलीभोवती उभी करून वाळवत असत. त्यांचे डोळे धुरानं लाल झाले होते आणि त्या बसल्या बसल्या पेंगत होत्या. मालकांनी त्यांच्या हातातून चपटी बाटली घेतली. कोमट घातलं, हलवलं, मग ऊन घातलं. बोळा बसवला. गालाला लावून पाहिली, फडकं गुंडाळलं आणि माझ्याकडे दिली. पोरीकडे त्यांनी तोवर नीट पाहिलंही नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"कान केवढंसं हायेत," म्हणाले.

आमची पाळी आली तेव्हा पोर अकरा दिवसांची झाली होती. पाऊस जरा उघडला होता आणि खालचं धरणाचं पाणी कधी नव्हे ते स्पष्ट दिसत होतं. बारा माणसं यायची तिथे सहा आली. घरटी एक. हैबतराव त्यांच्या घरातून स्वतः आले. धोंडाबाईही आली. सहा माणसं, मालक, आणि त्या दिवशी सगुणाबाई माझ्याजवळ बसली म्हणून आत्याबाई. न्याहारीला आत्याबाईंनी सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं होतं, बारा माणसांना पुरेल एवढं. मला बाजेवरून दाराबाहेरचा वरच्या खाचराचा तुकडा दिसत होता. वाकलेली इरली एका ओळीत मागे मागे सरकत होती. कुणी थांबत नव्हतं. दोन माणसांचं काम एक करत होतं, हे लांबूनही कळत होतं.

वरची दोन खाचरं लागून झाली तेव्हा दिवस बुडायला आला. खालचं तसंच राहिलं, चिखल करून ठेवलेलं, गुळगुळीत. रोपाच्या गठ्ठ्यांची पानं पिवळी पडत चालली होती. दुसऱ्या दिवसापासून वारंगुळा संपला. ज्याची त्याची घरची कामं, आणि एकट्या मालकांनी लावीपर्यंत रोप टिकणार नव्हतं. हैबतराव बांधावर उभे राहून खालच्या खाचराकडे बघत होते. मालकांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले आणि घरी गेले.

त्याच वेळी इकडे सगुणाबाईनं पोरीला वातीऐवजी माझ्या छातीला लावलं. रोज लावत होती, रोज पोर तोंड फिरवत होती. त्या दिवशी तिनं धरलं. सुटलं, परत धरलं. मला दुखलं. इतकं जोरात दुखलं की मी ओरडले आणि सगुणाबाई हसायला लागली.

आत्याबाई आणि धोंडाबाई पाय धुऊन ओटीवर आल्या. दोघींच्या पोटऱ्यांना चिखल वाळलेला, बोटांच्या बेचक्यांतलं कातडं पांढरं पडून फाटलेलं. धोंडाबाई दारातून डोकावली, पोरीला पिताना पाहिलं. तिला बरं वाटलं असावं, पण तसं बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नव्हता.

"बगा," ती म्हणाली, "पोरीपायी खाचर गेलं."

आत्याबाई ओटीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. कंबर धरली होती त्यांची, सरळ होता येत नव्हतं.

"खाचर कुटं गेलंय?" त्या म्हणाल्या. "तितंच हाय की. साल सरंल, परत लावू." आणि मग आत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जये, तिच्या पाठीची बाटली बग. गार झाली असंल."